गाळलेला कर्ता

वागळे इस्टेटीच्या रस्त्यांवरून चालणाऱ्याला व्याकरणाचा एक पाठ फुकट मिळतो. एका फाटकावर पाटी असते, 'हेल्पर पाहिजेत'. चार पावलांवरच्या दुसऱ्या फाटकावर तोच मजकूर इंग्रजी धाटणीने लिहिलेला असतो, 'हेल्पर्स वॉन्टेड'. येणारेजाणारे दोन्ही पाट्या वाचतात आणि पुढे जातात. परंतु या दोन पाट्यांत एक विलक्षण साम्य आहे. 'वॉन्टेड' हे इंग्रजीतील कर्मणी रूप, हे शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगता येईल. 'पाहिजे' हेही मुळात कर्मणी रूपच होय, हे मात्र मराठी माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. जुन्या मराठीत धातूला 'इजे' असा प्रत्यय लागून 'केले जाते', 'म्हटले जाते' असा अर्थ निघत असे. 'म्हणजे' हा आपला रोजचा शब्द त्याच 'म्हणिजे'चे झिजलेले रूप. त्याच रीतीने 'पाहिजे' म्हणजे पाहिले जाते, शोधले जाते. हेल्पर शोधले जात आहेत. कोणाकडून, ते पाटी सांगत नाही. मालकाचे नाव फाटकावर दुसरीकडे कोठेतरी असते, या वाक्यात ते नसते.

वाचकहो, या गाळलेल्या कर्त्याविषयीच आज चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे. विषय इंग्रजी व्याकरणातला, तोही अनेकांना शाळेत नकोसा झालेला. तथापि आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या जीवनाशी त्याचा संबंध पुस्तकापेक्षा जवळचा आहे, असा आमचा अनुभव आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले, तो समारंभ याच वागळे इस्टेटीत झाला होता. पुढे येथे यंत्रांचे, औषधांचे, कापडाचे, सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग माणसे आली. आमच्या उपासकांत मूळचे ठाण्याचे ईस्ट इंडियन आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूरकडचे आहेत, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून दुष्काळाच्या वर्षांत निघून आलेली मराठी कॅथलिक कुटुंबेही आहेत. नंतर कित्येक कारखान्यांना टाळी लागली, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. बापाने जेथे लेथवर काम केले, तेथेच मुलगी आता संगणकापुढे बसते. बापाला इंग्रजी आले नाही तरी चालून गेले. मुलीला त्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच सायंकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात इंग्रजीचा वर्ग भरतो आणि आम्ही तेथे खडू हाती घेतो. सेमिनरीत लॅटिनचे धातू घोकलेल्या माणसाला एवढे तरी जमावे!

या वर्गात कर्मणी प्रयोगाच्या पाठाला आले की गाडी हमखास अडते. विद्यार्थी मंद असतात म्हणून ती अडते असे मुळीच नव्हे. पहिल्याच दिवशी त्यांना एक समीकरण शिकविले गेलेले असते, 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग', आणि हे समीकरण अर्धेच खरे आहे.

एक साधे वाक्य घ्या. 'मारियाने पत्र लिहिले.' मराठी व्याकरण याला कर्मणी प्रयोग म्हणते, कारण क्रियापद कर्माच्या मागे जाते. पत्राऐवजी चिठ्ठी ठेवली की 'मारियाने चिठ्ठी लिहिली' असे होते. मारियाच्या जागी जॉन आला तरी 'लिहिली' बदलत नाही. आता याचे इंग्रजी करा, 'मारिया रोट अ लेटर'. हा मात्र शुद्ध कर्तरी, ज्याला इंग्रजीत ॲक्टिव्ह म्हणतात तो. मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत कर्तरी, असे का व्हावे? कारण मराठी व्याकरण क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते ते पाहून प्रयोग ठरविते, तर इंग्रजी व्याकरण वाक्याच्या मुख्य आसनावर कोणाला बसविले आहे ते पाहते. दोन दुकानांतील वजने वेगळी आहेत. एकाचे वजन दुसऱ्याच्या तराजूत टाकले की हिशेब चुकणारच.

इतिहास पाहिला तर मराठीचे म्हणणे निराधार नाही. संस्कृतात 'रामेण फलं भक्षितम्' असे म्हणत, म्हणजे रामाकडून फळ खाल्ले गेले. त्याच धाटणीच्या वाक्यातून आपले 'रामाने फळ खाल्ले' उतरले. आपला सकर्मक भूतकाळ हा असा जन्माने कर्मणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या बोलून त्यातील कर्ता पुन्हा बलवान झाला. आज 'मारियाने पत्र लिहिले' म्हणताना मारियाच डोळ्यांपुढे उभी राहते. इंग्रजीच्या पॅसिव्हला खरा जवळचा असा जो मराठी प्रयोग, त्याला आपले वैयाकरण 'नवीन कर्मणी' किंवा 'कर्मकर्तरी' म्हणतात. 'रावण रामाकडून मारला गेला' हे शालेय पुस्तकांतील त्याचे ठरलेले उदाहरण. 'कडून' आणि 'गेला', या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. वर्गात आम्ही पहिला नियम हाच सांगतो. इंग्रजी पॅसिव्ह ओळखायचा तर 'ने' शोधू नका, 'कडून' आणि 'गेला' शोधा.

आता रचना. येथे भीतीचे कारण नाही, पायऱ्या तीनच आहेत. कर्तरी वाक्यातील कर्म उचलावे आणि आरंभी आणून कर्त्याच्या आसनावर बसवावे. मग 'टु बी' या क्रियापदाचे योग्य रूप घेऊन त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे. शेवटी, हवे असेल तरच, 'बाय' लावून मूळ कर्ता सांगावा. 'मारिया रोट अ लेटर' याचे 'अ लेटर वॉज रिटन बाय मारिया' होते.

सगळा काळ त्या 'टु बी'च्या अंगावर असतो, ही गोष्ट एकदा उमजली की पाठांतराचे ओझे निम्मे होते. 'इज रिटन' म्हणजे लिहिले जाते. 'वॉज रिटन' म्हणजे लिहिले गेले. 'इज बीइंग रिटन' म्हणजे या घटकेस लिहिले जात आहे. 'हॅज बीन रिटन' म्हणजे लिहून झालेले आहे, 'हॅड बीन रिटन' म्हणजे आधीच लिहिले गेले होते. 'विल बी रिटन' म्हणजे लिहिले जाईल, आणि 'मस्ट बी रिटन' म्हणजे लिहिले गेलेच पाहिजे. 'रिटन' मात्र जागचे हलत नाही. आमच्या वर्गातील आयटीआयच्या एका मुलाने यावर नेमका दृष्टान्त दिला. तो म्हणाला, "फादर, म्हणजे मशीन एकच, फक्त गिअर बदलायचा." आम्ही तो दृष्टान्त तेव्हापासून वापरीत आहो.

तिसरी रूपे तेवढी पाठ करावी लागतात, त्याला राजमार्ग नाही. 'राइट, रोट, रिटन' आणि 'ब्रेक, ब्रोक, ब्रोकन' यांत रूप बदलते. 'कट, कट, कट' आणि 'पुट, पुट, पुट' यांत बदलत नाही. मुलांना नेमकी न बदलणारीच अधिक फसवितात, कारण त्यांना वाटते की काहीतरी लावलेच पाहिजे.

आणखी काही ठेचा नेहमीच्या आहेत. ज्या क्रियापदाला कर्म नाही, त्याचा पॅसिव्ह होत नाही. 'गो', 'कम', 'स्लीप', 'डाय' यांना हा प्रयोग वर्ज्य आहे. 'ही वॉज डाइड' असे लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. माणूस मारला जाऊ शकतो, पण मरणे ज्याचे त्यालाच करावे लागते. उलट जन्माच्या बाबतीत इंग्रजी कर्मणीचा आग्रह धरते. आपण 'मी जन्मलो' म्हणतो, जणू हे आपलेच कर्तृत्व. इंग्रजीत 'आय वॉज बॉर्न' असेच म्हणावे लागते. 'बॉर्न' हे मुळात 'वाहणे, धारण करणे' या अर्थाच्या क्रियापदाचे तिसरे रूप होय. मला कोणीतरी वाहिले, कोणीतरी जन्म दिला. त्या वाक्यातील न उच्चारलेला कर्ता म्हणजे आई. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम बॉर्न इन ठाणे' असे लिहिणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की आईचे काम झालेले आहे, तेव्हा भूतकाळ वापरा.

दोन कर्मांच्या क्रियापदाशी इंग्रजी एक गंमत करते, ती मराठीला साधत नाही. 'त्यांनी मला पुस्तक दिले' याचे मराठी कर्मणी 'मला पुस्तक दिले गेले' एवढेच होते, 'मी' काही आरंभी येऊन बसू शकत नाही. इंग्रजीत मात्र 'आय वॉज गिव्हन अ बुक' असे खुशाल म्हणता येते. ज्याला मिळाले तोही मुख्य आसनाचा मानकरी होतो. आणि शेवटी 'बाय'विषयी. प्रत्येक पॅसिव्हला 'बाय'च येतो असे नाही. खोली माणसांनी भरलेली असेल तर 'फिल्ड विथ', एखादा गावाला ठाऊक असेल तर 'नोन टु'. ही सवयीने येणारी गोष्ट आहे. वाचन वाढविणे हाच तिचा उपाय.

एवढे शिकले म्हणजे परीक्षेचे गुण मिळतात. परंतु कोणत्या वेळी हा प्रयोग करावा आणि कोणत्या वेळी करू नये, हे गुणांच्या पलीकडचे शिक्षण आहे. कर्ता ठाऊक नसेल तर पॅसिव्ह योग्य, जसे 'सायकल चोरीला गेली' याचे इंग्रजी. कर्ता सर्वांना ठाऊक असेल तरी योग्य. चोर पकडला गेला म्हटले की पोलिसांचे नाव घेण्याची गरज नसते. कर्त्यापेक्षा कृती महत्त्वाची असेल, जसे प्रयोगशाळेतील नोंदी, तेथेही तो शोभतो. मिश्रण तापविले गेले, हे महत्त्वाचे. तापविणारा कोण, हे गौण. भाषेने हे साधन काही अर्थाने दिलेले आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ साली इंग्रजी भाषा आणि राजकारण यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात, कर्तरी चालत असेल तेथे कर्मणी वापरू नये असा नियम घातला. त्याची कळकळ आम्हांला समजते. परंतु चाकूने भाजीही चिरतात, तेव्हा चाकूवर राग धरण्यात अर्थ नाही. हात कोणाचा, हे पाहावे.

तो हात लपविण्यासाठी मात्र या प्रयोगाइतके सोयीचे दुसरे साधन नाही. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणप्रकरणी आपल्या संसदेपुढे बोलताना गंभीर चुका केल्या गेल्या अशा अर्थाचे वाक्य उच्चारले. चुका होत्या, त्या गंभीर होत्या, पण करणारा कोणी नव्हता. आपल्याकडे ही कला कमी अवगत आहे असे कोणी समजू नये. आपली कार्यालयीन मराठी 'करण्यात येत आहे' आणि 'कळविण्यात येते की' यांवरच जगते. बंद पडत चाललेल्या कारखान्याच्या फाटकावर 'उत्पादन स्थगित करण्यात येत आहे' अशी सूचना लागते, आणि तीस वर्षे घाम गाळलेला माणूस ती पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्याला त्या वाक्यात एक नाव हवे असते. ज्याच्याकडे जाऊन 'असे का केलेत?' म्हणून विचारावे असे एक नाव. 'येत आहे' म्हटल्यावर विचारणार कोणाला? जणू पाऊसच येत आहे.

हे सारे आम्हांस एका प्रसंगी फार जवळून पाहावयास मिळाले. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही याच भागात साहाय्यक धर्मगुरू म्हणून होतो. इस्टेटीतील एका लहानशा गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करताना आमच्या एका उपासकाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. गाळ्यात माणसे इतकी थोडी होती की राज्य कामगार विमा योजनेचे संरक्षण त्यांना नव्हते. इस्पितळातून घरी आल्यावर त्याच्यापुढे एक टंकलिखित इंग्रजी कागद सहीसाठी ठेवला गेला. ही घटनेची केवळ नोंद आहे, असे त्याला सांगण्यात आले. (पाहा, हे वाक्यही कर्मणीतच उतरले! सांगणारा कोण, ते आम्ही जाणूनबुजून गाळीत आहो.) त्याने सही करण्यापूर्वी तो कागद आपल्या अकरावीतल्या मुलीच्या हाती दिला. ती आमच्या वर्गाला येत असे. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "फादर, हे वाक्य अर्धं आहे. यात 'बाय' नाही."

वाक्य होते, 'द सेफ्टी गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड'. संरक्षक जाळी काढली गेली होती. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, काळही अचूक. फक्त काढली कोणी, ते नव्हते.

या अर्ध्या वाक्याचे वजन किती होते, ते कायदा पाहिल्यावर कळले. त्या वेळी अशा प्रकरणांना कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ लागू असे. (पुढे त्याचे नाव बदलले, आणि आता त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.) कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हा त्या कायद्याचा मूळ नियम. परंतु इजा मृत्यूची किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची नसेल, तर त्यास काही अपवाद होते. त्यांतील एक असा की सुरक्षेसाठी बसविलेले साधन कामगाराने स्वतः जाणूनबुजून काढले असेल, तर मालकावर जबाबदारी राहत नसे. म्हणजे त्या वाक्यापुढे 'कामगाराकडून' असा एक शब्द नंतर कोणी मनातल्या मनात जोडला असता, तर दोन बोटांची किंमत शून्य झाली असती. आणि जोडण्यासाठी जागा मोकळीच ठेवलेली होती.

आम्ही त्या गृहस्थास समोर बसवून विचारले, "जाळी कोणी काढली होती?" तो खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "फादर, मी कामाला लागलो तेव्हाच ती जाळी नव्हती. माल कमी निघतो म्हणून काढून कोपऱ्यात टाकली होती. मी तर ती लावलेली कधी पाहिलीच नाही." त्याच्या या तीन वाक्यांतही जाळी काढणाऱ्याचे नाव नव्हतेच. भीती माणसाकडून अशीच कर्मणी वाक्ये बोलवून घेते. ज्याच्या हाती उद्याची भाकरी, त्याचे नाव जिभेवर येत नाही. मुलीने मात्र वही उघडली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, कोणी टाकली ते सांगा. मी लिहून घेते."

त्या कागदावर सही झाली नाही. ओळखीच्या एका वकिलांनी घडलेली हकिकत कर्तरी प्रयोगात लिहिली. अमक्याने जाळी काढण्यास सांगितले, अमक्या महिन्यापासून यंत्र जाळीविना चालले, अमक्या दिवशी अपघात झाला. बरोबरच्या एका कामगाराने मोठ्या धैर्याने ते खरे असल्याचे सांगितले. शेवटी तडजोड झाली आणि तिचा करारनामा भरपाई आयुक्तांकडे रीतसर नोंदविला गेला. रक्कम मोठी नव्हती. बोटे परत आली नाहीत, आणि त्या गृहस्थास पुढे रखवालदाराची नोकरी धरावी लागली. एका 'बाय'ने न्याय मिळाला, असे आम्ही म्हणणार नाही. वकिलांचे श्रम, सोबत्याची साक्ष आणि घरच्या बाईने धरलेला धीर, हे सारे त्यात होते. परंतु आरंभ झाला तो एका मुलीला वाक्यातील रिकामी जागा दिसली म्हणून. तसे झाले नसते तर चोर सोडून संन्याशाला सुळी, अशीच गत झाली असती.

धर्मगुरू म्हणून या प्रयोगाची आणखी एक बाजू आम्हांस रोज दिसते. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात प्रभूच्या दुःखसहनाची क्रियापदे कर्मणीत आहेत. त्याला क्रुसावर खिळले गेले, त्याला पुरले गेले. परंतु ख्रिस्तसभेने तेथे एक नाव गाळू दिले नाही. पंतय पिलाताने लोकांपुढे हात धुतले, तरी त्याचे नाव आपण दर रविवारी उच्चारीत आलो आहो. याउलट गिरिप्रवचनातील धन्योद्गार पाहावेत. शोक करणाऱ्यांचे सांत्वन केले जाईल, दयावंतांवर दया केली जाईल, असे तेथे अभिवचन आहे, आणि करणारा कोण ते सांगितलेले नाही. यहुदी लोक आदरापोटी देवाचे नाव टाळीत, म्हणून बायबलचे अभ्यासक अशा रचनेला 'दैवी कर्मणी' म्हणतात. तेथे कर्ता लपलेला नाही, कर्ता इतका थोर आहे की त्याचे नाव घ्यावे लागत नाही. तोच प्रयोग, पण एका ठिकाणी मौन भयाचे किंवा कपटाचे असते आणि दुसऱ्या ठिकाणी भक्तीचे.

स्नानसंस्काराचे उदाहरणही या संदर्भात आठवते. आपल्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू 'मी तुला स्नान देतो' अशा अर्थाचे कर्तरी शब्द उच्चारतो. पूर्वेकडील बायझंटाईन परंपरेत मात्र देवाच्या या सेवकाला स्नान दिले जात आहे, असे कर्मणी वाक्य म्हणतात. दोन्ही ख्रिस्तसभेला मान्य आहेत. एकात सेवकाची जबाबदारी पुढे येते, दुसऱ्यात सेवक मागे सरतो.

पापनिवेदनाच्या वेळी मात्र तडजोड नाही. मिस्साच्या आरंभी आपण उरावर हात ठेवून जे म्हणतो ते प्रथमपुरुषी, एकवचनी आणि कर्तरी असते. 'चूक झाली' आणि 'मी चूक केली' या दोन वाक्यांतील अंतर फार थोड्या शब्दांचे, पण ते चालायला कित्येकांना वर्षे लागतात. आणि नुसते कर्त्याचे नाव घेतले म्हणजे सत्य साधले असेही नव्हे. एदेन बागेत आदामाने कर्तरीच प्रयोग केला, पण कर्ता म्हणून बोट स्त्रीकडे दाखविले! म्हणून आम्ही मुलांना सांगतो की 'कोणी केले?' हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावा.

देणगीच्या संगमरवरी पाट्यांवर 'यांच्याकडून' हे शब्द नेहमी ठळक कोरलेले असतात, आणि अपघाताच्या नोंदींत ते नेमके पुसट होतात. माणसाच्या स्वभावाची ही तऱ्हा काही नवी नाही. उत्तम कर्मणी याच्या उलट वागते. सत्कृत्य झाले तर कर्ता गाळावा, कारण डाव्या हाताला उजव्याचे कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे. कोणाला इजा झाली तर मात्र कर्ता शोधावा, आणि तो आपण असू तर आपले नाव आपणच पुढे करावे.

इंग्रजी शिकणे म्हणजे आपली भाषा टाकणे, अशी भीती काही वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांना आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण देतो. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला, लोकांची भाषा शिकला, मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, आणि त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. हिंदुस्थानातील भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. दुसऱ्याची भाषा त्याने मुळापासून अभ्यासली, म्हणूनच तिच्यात तो काही मोलाचे देऊ शकला. आपल्या मुलांनीही इंग्रजी अशीच मुळापासून शिकावी. नुसते फाडफाड बोलणे पुरेसे नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. घरी वीजबिल, शाळेची सूचना, नोकरीचा करार, विम्याचा कागद, असे काही इंग्रजी आले की ते मुलांपुढे ठेवावे. त्यातली कर्मणी वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करावयास सांगावीत आणि प्रत्येकापुढे 'कोणाकडून?' असे लिहावयास लावावे. काही ठिकाणी उत्तर सहज मिळेल, काही ठिकाणी त्याची गरज नसेल. जेथे उत्तर हवे आहे आणि मिळत नाही, तेथे सही करण्यापूर्वी कोणा जाणत्याला विचारावे. धर्मग्रामाचे सभागृह सायंकाळी सात वाजता उघडे असते.